प्रेमचंदांच्या कथा आणि त्यांवरील चित्रपट: बैठक कशी घ्यावी

प्रेमचंदांच्या कथांवरील चित्रपट पाहताना गळा दाटून येतो, परंतु तेवढ्यावर समाधान मानले तर त्या चित्रपटांतील निम्मे आपल्या हाती लागत नाही. कथा वाचताना जे मनाला लागते ते बहुधा निवेदकाच्या तिरकस, वरवर अगदी थंड वाटणाऱ्या वाक्यांतून लागते. पडद्यावर मात्र बहुतेक वेळा निवेदक नसतो. त्या वाक्यांच्या जागी दिग्दर्शकाने काय ठेवले, हा एकच प्रश्न मनात धरून आधी कथा वाचावी आणि मग चित्रपट पाहावा, अशी या बैठकीची साधी पद्धत आहे. घरातील चार माणसे, शेजारी किंवा एखादे वाचक मंडळ यांना ती सहज जमण्यासारखी आहे.

नागपुरात ती विशेष सोयीची ठरते. येथील मराठी माणसाला हिंदी कथा मुळातून वाचण्यासाठी अनुवादाची वाट पाहावी लागत नाही. येथील बर्डीच्या बाजारात बोलली जाणारी हिंदी लखनौची नसली तरी प्रेमचंदांची भाषा समजण्यास पुरेशी आहे. शिवाय प्रेमचंद या शहराला अनोळखी नव्हते. एप्रिल 1936 मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली येथे भारतीय साहित्य परिषदेचे अधिवेशन झाले, त्यास ते उपस्थित होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांचे निधन झाले.

निवडीबाबत पहिली सूचना अशी की, आरंभी कादंबऱ्यांवरील चित्रपट घेऊ नयेत. ‘गोदान’ आणि ‘गबन’ या दोन्हींवर 1960 च्या दशकात हिंदी चित्रपट निघाले, परंतु चारशे पाने वाचून मग चर्चेला येणारी मंडळी फार थोडी असतात. कथा मात्र एका बैठकीत वाचून होते. पुढील चार कथा आणि त्यांचे चित्रपट पुरेसे आहेत: ‘सद्गती’, ‘कफन’, ‘दो बैलों की कथा’ आणि ‘शतरंज के खिलाड़ी’. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्काची मुदत संपत असल्याने या कथांच्या मूळ हिंदी पाठाच्या प्रती काढून वाटण्यास कोणतीही अडचण नाही.

बैठक शक्यतो हिवाळ्यात घ्यावी. ही सूचना क्षुल्लक वाटेल, पण नागपूरच्या मे महिन्यात खिडकीतला कूलर चालू ठेवल्याशिवाय माणसे बसू शकत नाहीत, आणि कूलरच्या घरघरीत ‘सद्गती’सारखा चित्रपट पाहणे म्हणजे तो निम्मा न पाहणेच होय, कारण त्यातील कितीतरी भाग बोलण्याने नव्हे, तर कामाच्या आवाजाने आणि शांततेने उभा राहतो. उन्हाळाच गाठायचा असेल तर ऊन उतरल्यावर, गच्चीवर बसावे.

सुरुवात ‘सद्गती’ने करावी. सत्यजित राय यांनी दूरदर्शनसाठी केलेला हा 1981 चा चित्रपट तासाभराहूनही छोटा आहे, त्यामुळे कथेचे प्रकट वाचन आणि चित्रपट दोन्ही एका संध्याकाळी होतात. वाचन एकाच व्यक्तीने करावे, आणि ते नाटकी नसावे. प्रेमचंदांच्या उपरोधाला चढा आवाज मानवत नाही. ऐकणाऱ्यांनी हातात पेन्सिल ठेवावी आणि जेथे निवेदक पात्रांची स्तुती करत असल्यासारखा भासतो, तेथे खूण करावी. पंडित घासीराम यांच्या सकाळच्या पूजेचे, भांग घोटण्याचे आणि ईश्वरभक्तीचे वर्णन ज्या आदराने केले आहे, त्या आदरातच सगळे विष आहे. मुलीच्या साखरपुड्याचा मुहूर्त काढून घेण्यासाठी दलित मजूर दुखी गवताचा भारा घेऊन पंडिताच्या दारी जातो. पंडित त्याला अंगण झाडायला, बैठक सारवायला, भुसा वाहायला आणि शेवटी एक गाठाळ ओंडका फोडायला लावतो. उपाशीपोटी तो ओंडका फोडता फोडता दुखी मरतो. घटना एवढीच आहे.

आता चित्रपट लावावा आणि ओंडक्याच्या प्रसंगावर लक्ष ठेवावे. कथेत निवेदक त्या गाठीचे वर्णन करतो आणि पुढे सरकतो. राय मात्र आपल्याला तेथे थांबवून ठेवतात. कुऱ्हाड पडते, लाकडावर नुसता चरा उमटतो, पुन्हा पडते. ओम पुरी यांचे खांदे, श्वास आणि हळूहळू बदलत जाणारा चेहरा यांतून आपल्याला कळते की, हा माणूस आता लाकडावर घाव घालत नसून दुसऱ्याच कशावर तरी घालत आहे. निवेदकाच्या उपरोधाची जागा येथे निव्वळ वेळेने घेतली आहे. हा प्रसंग संपल्यावर चित्रपट थांबवून बोलण्याचा मोह होतो. तो आवरावा आणि चित्रपट अखेरपर्यंत चालू द्यावा.

मराठी प्रेक्षकाला आणखी एक गोष्ट जाणवल्याशिवाय राहत नाही. दुखीची बायको झुरिया हिच्या भूमिकेत स्मिता पाटील आणि घासीरामाच्या भूमिकेत मोहन आगाशे आहेत. आगाशे यांनी पंडिताला खलनायक केलेले नाही. तो आळशी, काहीसा प्रेमळही, आपल्या रोजच्या व्यवहारात रमलेला गृहस्थ आहे, आणि त्यामुळेच त्याच्याकडे पाहणे कठीण होते. कथेतील पूजेचे ते आदरयुक्त वर्णन अभिनेत्याच्या या सौम्यपणात उतरले आहे, असे माझे मत आहे.

चर्चेत एक प्रश्न आवर्जून ठेवावा: या कथेत प्रतिकार कोण करतो? दुखी करत नाही. दुखी मेल्यावर वस्तीत जाऊन, प्रेत कोणीही उचलू नये, असे सांगणारा गोंड प्रतिकार करतो, आणि त्याचे ऐकणारी वस्ती करते. परिणामी पंडितालाच पहाटेच्या अंधारात प्रेताच्या पायात दोरीचा फास अडकवून, स्पर्श टाळत, ते गावाबाहेर ओढत न्यावे लागते. मेलेली जनावरे ओढण्याचे काम सोडा, असे डॉ. आंबेडकरांनी महाडला 1927 साली सांगितले होते. ज्या शहरात दीक्षाभूमी आहे तेथे हा शेवट पाहणारा माणूस ते ओढणे नुसते करुण म्हणून पाहणार नाही. कोणते काम कोणाच्या माथी मारले गेले होते आणि ते करायला येथे कोण उरले, हे त्याला लगेच दिसते. दुखीला इतका निमूट का दाखवला, अशी तक्रारही बैठकीत निघेल. प्रेमचंदांच्या दलित पात्रांविषयी दलित लेखकांनी घेतलेले आक्षेप जुने आणि गंभीर आहेत, त्यामुळे संयोजकाने लेखकाचे वकीलपत्र घेऊ नये. तक्रार करणाऱ्याने कथेतील नेमके वाक्य किंवा चित्रपटातील नेमके दृश्य दाखवावे, एवढाच आग्रह धरावा.

हाच आक्षेप ‘कफन’बाबत अधिक धारदार होतो, म्हणून ती कथा दुसऱ्या बैठकीत घ्यावी. झोपडीत बुधिया प्रसूतीच्या वेदनांनी तडफडत आहे आणि बाहेर तिचा सासरा घीसू व नवरा माधव बटाटे भाजून खात आहेत. आत गेलो तर दुसरा जास्त बटाटे खाईल, या भीतीने कोणीच उठत नाही. ती मरते, गावातून कफनासाठी पाच रुपये जमतात, आणि बापलेक ते पिण्याखाण्यात उडवतात. मृणाल सेन यांनी यावर 1977 मध्ये ‘ओका उरी कथा’ हा तेलुगू चित्रपट केला. तो उपशीर्षकांसह पाहावा लागतो, म्हणून पडदा मोठा असावा आणि ज्येष्ठांना पुढे बसवावे.

येथे वाचकांना एकच काम द्यावे. कथेत बुधियाच्या तोंडी किती शब्द आहेत, ते शोधायला सांगावे. तिचा फक्त आक्रोश ऐकू येतो. बाकी ती कशी होती, हे इतरांच्या बोलण्यातून कळते. सेन यांच्या चित्रपटात मात्र ती नीलम्मा होऊन घरात येते, राबते, घराला काही वळण लावू पाहते, सासऱ्याशी झगडते. ममता शंकर यांनी ती उभी केली आहे. त्यामुळे तिचे मरण कथेतल्यापेक्षा निराळ्या प्रकारे लागते: कथेत आपल्याला त्या दोघांची किळस येते आणि त्या किळसेचीही लाज वाटते, तर चित्रपटात आपल्या ओळखीचे माणूस जाते. कोणाला यात कथेची धार बोथट झाल्यासारखी वाटेल. मला तसे वाटत नाही, पण हा मतभेद बैठकीत मिटवण्याची गरज नाही.

मुलांना सोबत घ्यायचे असेल तर ‘दो बैलों की कथा’ घ्यावी, आणि विदर्भात त्यासाठी तान्ह्या पोळ्याहून चांगला दिवस मिळणार नाही. लाकडी नंदी सजवून आलेल्या मुलांना हिरा आणि मोती यांची कथा, विशेषतः कोंडवाड्याची भिंत शिंगांनी पाडून इतर जनावरांना सोडवण्याचा भाग, वाचून दाखवावा. कृष्ण चोप्रा यांचा ‘हीरा मोती’ 1959 चा असून त्यात बलराज साहनी आणि निरुपा रॉय आहेत. लहान मुलांना संपूर्ण चित्रपट लांब वाटतो. निवडक भाग दाखवले तरी चालेल.

‘शतरंज के खिलाड़ी’ शेवटी ठेवावा, कारण येथे रायांनी कथेचा रोखच बदलला आहे. 1977 च्या या चित्रपटात निवेदक आहे, तो अमिताभ बच्चन यांच्या आवाजात आहे, आणि कथेतला उपरोध बराचसा त्या आवाजाकडे सोपवला आहे. कथेत नवाब वाजिद अली शाह जवळजवळ दिसतच नाही. चित्रपटात अमजद खान यांनी साकारलेला नवाब मिर्झा आणि मीर या बुद्धिबळात रमलेल्या दोन मित्रांइतकाच महत्त्वाचा ठरतो. पाहण्याआधी 1856 मध्ये कंपनी सरकारने अवध कसे खालसा केले, हे पाच मिनिटांत सांगावे. त्याच सुमारास, 1853 च्या अखेरीस तिसरे रघुजी भोसले वारल्यावर, नागपूरचे राज्यही दत्तक वारस नाकारून खालसा झाले होते, हे सांगितले की श्रोते सावरून बसतात.

शेवटाची तुलना मात्र घाई न करता करावी. कथेत दोघे मित्र डावावरून तलवारी उपसतात आणि एकमेकांना ठार करतात. पटावरचे दोन बादशहा त्यांच्या मृत्यूवर रडत असल्यासारखे बसून राहतात. चित्रपटात मीरच्या पिस्तुलातून गोळी सुटते, पण मिर्झा वाचतो. कंपनीची फौज लखनौकडे निघून जाते, आणि हे दोघे ओशाळलेल्या चेहऱ्याने पुन्हा पट मांडतात, या वेळी इंग्रजी पद्धतीने, वजिराला हटवून तेथे मलिकेला बसवून. यांपैकी कोणती शिक्षा अधिक कठोर, असा प्रश्न टाकून संयोजकाने गप्प बसावे. ज्यांनी कथा वाचलेली नसेल त्यांना हा प्रश्नच पडत नाही, म्हणून चर्चेआधी कथेचे शेवटचे पान पुन्हा एकदा मोठ्याने वाचावे.

बैठक घरापुरती असेल तर एवढी तयारी पुरे. सभागृह घेऊन जाहीर प्रदर्शन करायचे असल्यास राय आणि सेन यांच्या चित्रपटांसाठी हक्कधारकांची परवानगी आधी घ्यावी. चित्रपटांचा स्वामित्वहक्कही साठ वर्षांचा असतो आणि हे तिन्ही अद्याप त्या मुदतीत आहेत.