जुना स्पेक्ट्रम पुन्हा सुरू करताना आणि वाढवताना या चुका टाळा

फोंड्याच्या आमच्या घरी दर वर्षी चार-पाच सिंक्लेअर या ब्रिटिश कंपनीचे जुने झेडएक्स स्पेक्ट्रम संगणक दुरुस्तीसाठी येतात. कोणाच्या मामांनी बोटीवरच्या नोकरीत असताना इंग्लंडहून आणलेला, कोणाच्या वडिलांनी आखातातून सुटीवर येताना मुलांसाठी घेतलेला, असा हा संगणक १९८०च्या दशकात गोव्यातल्या काही घरांत आला, काही वर्षे टीव्हीसमोर राहिला आणि मग कपाटाच्या वरच्या फळीवर गेला. तेव्हाची ती मुले आज पन्नाशीत आहेत आणि त्यांना तो पुन्हा सुरू करावासा वाटतो. त्यात एसडी कार्ड, स्वच्छ चित्र, जास्त मेमरी अशी भरही घालावीशी वाटते. या इच्छेचा मला मनापासून आनंद होतो. पण माझ्याकडे येणारी निम्म्याहून अधिक यंत्रे कपाटात बिघडलेली नसतात. ती कपाटातून खाली उतरल्यावर पहिल्या अर्ध्या तासात बिघडलेली असतात, आणि त्यामागच्या चुका दर वर्षी त्याच असतात.

हाताला लागेल तो अ‍ॅडॉप्टर लावणे

ही चूक सर्वांत महागात पडते, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहितो. स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट, १.४ अँपिअर डीसी वीज लागते. त्याच्या पिनेचा बाहेरचा भाग धन आणि मधला भाग ऋण असतो. आज घरात सापडणाऱ्या राउटरच्या बहुतेक अ‍ॅडॉप्टरांमध्ये हे नेमके उलटे असते, म्हणजे मधला भाग धन असतो. अडचण अशी की पीन मापाने तंतोतंत बसते, वर लिहिलेले ९ व्होल्टही जुळतात, आणि त्यामुळे माणसाला आपले काही चुकते आहे अशी शंकाही येत नाही.

दोन पावसाळ्यांपूर्वी डिचोलीचा एक तरुण आजोबांचा स्पेक्ट्रम टॉवेलात गुंडाळून घेऊन आला. यंत्र इतके जपलेले होते की रबरी कळांवरची अक्षरेही पुसट झाली नव्हती. "काका, फक्त दोन सेकंद लावला, वास आला तसा लगेच काढला," असे तो म्हणाला. मी झाकण उघडले तेव्हा टीआर४ हा ट्रान्झिस्टर तडकलेला होता, त्याच्या शेजारचा कपॅसिटर फुगला होता, व्होल्ट स्थिर ठेवणारा ७८०५ रेग्युलेटर निकामी झाला होता आणि खालच्या मेमरीच्या आठ चिपांपैकी तीन गेल्या होत्या. या ४११६ जातीच्या चिपा आता तयार होत नाहीत. जुन्या साठ्यातून मागवाव्या लागतात, आणि आलेल्यांपैकीही काही मुळातच बिघडलेल्या निघतात. ते यंत्र पुन्हा उभे राहायला मला सव्वा महिना लागला. त्या मुलाने राउटरचा अ‍ॅडॉप्टर लावण्याआधी त्यावरची ध्रुवांची छोटी आकृती एकदा पाहिली असती, तर ते त्याच संध्याकाळी सुरू झाले असते.

माझी सवय अशी आहे की कोणताही अ‍ॅडॉप्टर, अगदी मूळ सिंक्लेअरचा असला तरी, आधी मल्टिमीटरवर तपासल्याशिवाय मी संगणकाला लावत नाही. मूळ अ‍ॅडॉप्टर रेग्युलेटेड नसतो. भार नसताना तो १२ व्होल्टांच्याही वर दाखवतो, आणि ते पाहून घाबरण्याचे कारण नाही. मात्र त्याच्या वायरीचे आवरण कडक होऊन तडकले असेल, तर तो बाजूला ठेवून नवा घ्यावा. गिटारच्या इफेक्ट पेडलांचे अ‍ॅडॉप्टरही बहुधा ९ व्होल्टांचे आणि मध्ये ऋण असलेले असतात, आणि गोव्यात वाद्यांच्या दुकानांतून ते सहज मिळतात. परंतु त्यांतील पुष्कळसे काहीशे मिलिअँपिअरच देतात, तेव्हा किमान दीड अँपिअरचा आकडा वाचूनच घ्यावा. घेतल्यावर त्याच्या पिनेजवळ लाल दोरा बांधावा आणि तो घरातल्या इतर अ‍ॅडॉप्टरांत मिसळू देऊ नये.

अ‍ॅडॉप्टर योग्य असला तरी वीज दिल्याबरोबर टीव्हीकडे पाहत बसू नये. आतली पहिली तपासणी खालच्या मेमरीची असते. ४११६ चिपेच्या १ क्रमांकाच्या पिनेवर उणे ५ व्होल्ट, ८ क्रमांकाच्या पिनेवर १२ व्होल्ट आणि ९ क्रमांकाच्या पिनेवर ५ व्होल्ट मिळाले पाहिजेत. १६ क्रमांकाची पीन जमिनीची (ग्राउंडची). यातले उणे ५ व्होल्ट गायब असताना १२ व्होल्ट येत राहिले, तर चिपा थोड्याच वेळात जळतात. म्हणून आकडे चुकीचे दिसताच वीज काढावी. १२ आणि उणे ५ हे दोन्ही नसतील, तर पुष्कळजण लगेच टीआर४ बदलून मोकळे होतात आणि नवा ट्रान्झिस्टरही जळाला की माझ्याकडे येतात. तो ट्रान्झिस्टर अनेकदा एखादी मेमरी चीप आतून शॉर्ट झाल्यामुळे गेलेला असतो. म्हणून तो बदलण्याआधी वीज बंद ठेवून १२ व्होल्टांची रेषा आणि जमीन, तसेच उणे ५ ची रेषा आणि जमीन यांच्यातील रोध मोजावा. मोजायला पाच मिनिटे लागतात.

पावसाळ्यातून काढून लगेच वीज देणे

पणजीत वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. आपल्याकडे कपाटातले कपडे वाचवण्यासाठी आत बल्ब लावून ठेवण्याची रीत आहे, ती कोणी संगणकासाठी पाळत नाही. मी झाकण उघडून बोर्ड कोरड्या खोलीत पंख्यासमोर तीन दिवस ठेवतो. या तीन दिवसांत आत काय आहे ते नीट पाहता येते: बुरशीचा थर, मुंग्यांनी आणलेली माती, आणि एका पेडण्याहून आलेल्या यंत्रात तर चित्र आणि कीबोर्ड सांभाळणाऱ्या यूएलए चिपेशेजारी पालीची तीन अंडी होती. झाकण उघडताना मात्र घाई नको. कीबोर्डच्या दोन प्लॅस्टिकच्या पट्ट्या वरच्या झाकणाला जोडलेल्या असतात आणि इतक्या वर्षांनी त्या ठिसूळ झालेल्या असतात. झटक्याने ओढल्या की तुटल्याच. नवी मेम्ब्रेन, म्हणजे कळांखालचा पातळ पडदा, मिळते आणि ती बदलणे सोपे आहे, परंतु अजून चालू असलेली मेम्ब्रेन निष्काळजीपणाने तोडण्याला काही अर्थ नाही.

सफाईसाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश पुरेसा आहे. अलीकडे दोघांनी बोर्डला विनागर लावून आणले. विनागराचा उपाय अमिगासारख्या ज्या संगणकांत बॅटरी गळून अल्कली पसरते त्यांच्यासाठी आहे. स्पेक्ट्रममध्ये बॅटरीच नाही. त्यात आम्ल लावले की चांगले तांबे खाल्ले जाते.

सगळ्या सुधारणा एकाच दिवशी करणे

नवशिक्यांचा हा उतावळेपणा मला सर्वांत अधिक खटकतो, कारण त्यात यंत्र जाते आणि शिकायचे राहून जाते. सुटे भागांचे पाकीट पोस्टाने आले की रविवारी सकाळी कपॅसिटर, दुपारी नवा रेग्युलेटर आणि व्हिडिओची वायर, रात्री मेमरी, असा बेत ठरतो. रात्री पडद्यावर उभे पट्टे दिसतात आणि चार कामांपैकी दोष कोणत्या कामात आहे हे सांगायला कोणीच नसते.

मीही एका जुलैत हेच केले होते. माझे यंत्र १६के, म्हणजे १६ किलोबाइट, मेमरीचे होते. १९८२च्या एप्रिलमध्ये स्पेक्ट्रम बाजारात आला तेव्हा १६केची किंमत १२५ पौंड आणि ४८केची १७५ पौंड होती, त्यामुळे पन्नास पौंड वाचवून पुढे मेमरी वाढवू असा विचार अनेक घरांत झाला असणार. मेमरी वाढवायला वरच्या ओळीत आठ चिपा आणि त्यांच्या जोडीला चार लहान लॉजिक चिपा बसवाव्या लागतात. बोर्डाच्या पहिल्या आवृत्तीला तर वेगळे छोटे कार्डच लागते. ते काम मी इतर तीन कामांबरोबर एका दिवसात उरकले आणि यंत्र उठले नाही. मी संशय घेतला तो नव्या रेग्युलेटरवर. तो काढला, जुना बसवला, पुन्हा काढला. या धडपडीत बोर्डावरची एक निरोगी तांब्याची रेघ उखडली, कारण सिंक्लेअरच्या बोर्डांवरच्या रेघा बारीक आहेत आणि वारंवार दिलेली उष्णता त्यांना सोसत नाही. तीन रविवार गेल्यावर दोष सापडला. मेमरीच्या एका सॉकेटमध्ये दोन पिनांना जोडणारा सोल्डरचा केसाएवढा धागा होता. मेमरीचे काम एकटे केले असते, तर मी पहिल्याच रात्री तिथेच भिंग धरले असते.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. यंत्र आधी मूळ स्थितीत सुरू करायचे आणि आठवडाभर रोज तासभर चालवायचे. मग कपॅसिटर, एकेक करून, धन-ऋण बाजूची खूण जुन्या भागावरून वहीत लिहून. त्यानंतर ७८०५च्या जागी नवा स्विचिंग रेग्युलेटर. जुना रेग्युलेटर उरलेले व्होल्ट उष्णतेत घालवतो, आणि आपल्या हवेत मे महिन्यात त्या उष्णतेचा आतल्या सगळ्या चिपांना त्रास होतो. मग चित्र, मग मेमरी, आणि एसडी कार्डाचे डिव्हएमएमसी हे उपकरण सर्वांत शेवटी. प्रत्येक टप्प्यानंतर एक पूर्ण संध्याकाळ यंत्र चालवल्याशिवाय पुढचे पाकीट मी उघडत नाही. मेमरी बसवल्यावर "प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३" अशी आज्ञा द्यावी. ६५५३५ हा आकडा आला तर पूर्ण ४८के ओळखली गेली, ३२७६७ आला तर यंत्र अजून स्वतःला १६केचेच समजत आहे. खराब चीप काढताना ती अखंड वाचवण्याचा हट्ट धरू नये. तिचे पाय कापून एकेक पाय सुटा काढावा, कारण जपायची ती जागा, गेलेली चीप नव्हे. नवी चीप नेहमी सॉकेटमध्येच बसवावी.

वीज चालू असताना मागे काही जोडणे

स्पेक्ट्रमला चालू-बंदचे बटणच नाही. त्यामुळे लोक यंत्र चालू ठेवूनच मागच्या कडेला जॉयस्टिकचे किंवा एसडी कार्डाचे उपकरण खुपसतात. त्या कडेवर प्रोसेसरच्या थेट रेषा आणि पुरवठ्याचे व्होल्ट शेजारी शेजारी आहेत. उपकरण क्षणभर तिरके झाले तरी झेड८०ए प्रोसेसर किंवा मेमरी जाऊ शकते. कडेला पाचव्या जागी एक खाच असते आणि चांगल्या उपकरणात तिच्यात बसणारा तुकडा असतो. तो नसलेले स्वस्त उपकरण मी हातातही घेत नाही. भिंतीवरचे बटण बंद करावे, दहापर्यंत मोजावे, मग जोडावे. कडेचे संपर्क पांढऱ्या खोडरबराने पुसावेत. सॅण्डपेपर कधीही नको.

चित्राबद्दल थोडेच. आतला मॉड्युलेटर, म्हणजे टीव्हीच्या अँटेनाच्या जागी चित्र पाठवणारा भाग, यूएचएफच्या ३६ क्रमांकाच्या वाहिनीवर चित्र देतो आणि अनेक नव्या टीव्हींना ते सापडत नाही किंवा वाळूसारखे दिसते. यंत्र खराब आहे असा निष्कर्ष काढण्याआधी जुना टीव्ही शोधून पाहावा. आपल्याकडचे टीव्हीही पाल (PAL) या रंगीत चित्राच्या पद्धतीचेच असल्याने चित्र जुळते, आणि आवाज संगणकाच्या स्वतःच्या बीपरमधून येत असल्याने टीव्ही गप्प राहिला तरी तो दोष नाही.

कॅसेटींवर पांढरी बुरशी दिसली तर त्या लावूच नयेत. टेपरेकॉर्डरचे हेड खराब होते आणि बुरशी पुढच्या कॅसेटवर जाते. घरातल्या तियात्राच्या, म्हणजे कोंकणी नाटकांच्या, कॅसेटीही त्याच रेकॉर्डरवर वाजणार असतात हे लक्षात ठेवावे. खेळ मोबाइलवरून चढवता येतात, फक्त आवाज पूर्ण ठेवावा, सूचनांचे सूर बंद करावेत आणि मोबाइलचा आवाज अपुरा पडला तर मध्ये लहानसा अ‍ॅम्प्लिफायर घालावा.

ज्यांचे नातेवाईक लिस्बनला होते, त्यांच्या घरी स्पेक्ट्रम म्हणून जे निघते ते कधीकधी पोर्तुगालमध्ये तयार झालेले टायमेक्स २०४८ असते. बहुतेक कार्यक्रम त्यावर चालतात, पण आतला बोर्ड वेगळा आहे. वर लिहिलेले पिनांचे आणि पुरवठ्याचे आकडे त्याला लावू नयेत, तळाची पट्टी वाचूनच काम सुरू करावे.

आणि काढलेले भाग फेकू नयेत. जुना रेग्युलेटर, त्याची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, निघालेल्या चांगल्या चिपा, झाकणाचे पाच स्क्रू, सगळे एका हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावे आणि डब्यावर यंत्राचा क्रमांक व तारीख लिहावी. डिचोलीच्या त्या यंत्राला लागलेल्या तीन ४११६ चिपांपैकी दोन अशाच एका डब्यातून निघाल्या होत्या.