आजीचे आयुष्य लिहून ठेवताना

आजी गेल्यानंतरच्या तेरा दिवसांत तिच्याविषयीची जितकी माहिती एका घरात जमते, तितकी पुन्हा कधीही जमत नाही. समाचाराला आलेली तिची धाकटी जाऊ, माहेरची भावजय, जुनी शेजारीण अशा साऱ्याजणी ओसरीवर बसून एकेक प्रसंग सांगत असतात आणि आपण मात्र आल्यागेल्याचे पाहण्यात गुंतलेले असतो. माझी आजी एक्क्याण्णवाव्या वर्षी गेली तेव्हा मी ही संधी गमावली. पुढे वर्षश्राद्धापूर्वी सगळे लिहून काढायचे ठरवून मी त्याच माणसांच्या दारी गेलो, तोवर त्यांतल्या दोघी निवर्तल्या होत्या. म्हणून पहिली सूचना अशी की, दहाव्याच्या आतच घरातल्या एका व्यक्तीकडे फक्त ऐकण्याचे आणि टिपून घेण्याचे काम द्यावे आणि सांगणाऱ्याची परवानगी घेऊन फोनवर ध्वनिमुद्रणही करावे.

‘आजी कशी होती?’ असे विचारू नये. त्याचे उत्तर ‘फार मायाळू, फार कष्टाळू’ असेच येते आणि ते कोणत्याही आजीला लागू पडते. त्याऐवजी पहाटे चूल कोण पेटवत असे, हातात पैसा कोणाच्या असे, माहेरी ती किती वर्षांनी गेली, कोणाशी तिचे बोलणे बंद होते आणि ते कशावरून, असे विचारावे. मुले किती झाली आणि त्यांतली किती जगली, हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत. त्या पिढीतल्या अनेक बायकांनी तान्ही मुले गमावली होती आणि त्या मुलांचा उल्लेख कोणत्याही कागदावर सापडत नाही. माझ्या आजीच्या अशा दोन मुलांची नावे केवळ तिच्या नणंदेला ठाऊक होती, आणि ती सांगताना त्या माउलीचा आवाज साठ वर्षांनंतरही कापरा झाला होता.

यानंतर काळाचा क्रम लावायचा. जुन्या माणसांना सन आठवत नाहीत, परंतु घटना आठवतात, आणि त्या घटनांचे सन आपल्याला ठाऊक असतात. गांधीजींची हत्या ३० जानेवारी १९४८ ची, महाराष्ट्र राज्याची स्थापना १ मे १९६० ची आणि पुण्यातला पानशेतचा पूर १२ जुलै १९६१ चा. ‘तेव्हा आणे चालायचे, नवे पैसे यायचे होते’ असे कोणी म्हणाले, तर ती गोष्ट १ एप्रिल १९५७ च्या अलीकडची नसणार. आमचे गाव पाटणच्या बाजूचे असल्यामुळे सगळ्यांच्या आठवणी ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या कोयनेच्या भूकंपाभोवती फिरतात; धाकटी आत्या तेव्हा रांगत होती एवढ्या एका वाक्यावरून तिचे जन्मवर्ष निश्चित करता आले. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेल्याची आणि कामावर मिळालेल्या सुकडीची आठवण तर अनेक घरांत निघेल.

आजीची जन्मतारीख शोधताना शाळेच्या दाखल्यावर १ जून दिसली, तर तिच्यावर विसंबू नये, कारण खरी तारीख ठाऊक नसलेल्या असंख्य मुलांची तीच तारीख गुरुजींनी घातलेली आहे. जुनी जन्मपत्रिका मिळाली तर शकात ७८ मिळवावेत, आणि जन्म जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतचा असेल तर ७९ मिळवावेत. म्हणजे शके १८५४ च्या कार्तिकातला जन्म १९३२ सालचा ठरतो. गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदी ज्या कोतवाल बुकात असत, ते तहसील कार्यालयात पाहायला मिळू शकते. त्यातली जुनी पाने मोडीत असतील तर मोडी वाचणारा जाणकार गाठावा. मात्र या शोधात एक गोष्ट कधीही विसरू नये: लग्नात नाव बदललेल्या स्त्रीची नोंद माहेरच्या दप्तरात वेगळ्याच नावाने असते. माझ्या वडिलांना स्वतःच्या आईचे माहेरचे नाव वयाच्या पासष्टाव्या वर्षी कळले. आयुष्य लिहायला घ्याल तेव्हा पहिल्या ओळीत तेच नाव लिहावे.

कागद नसले तरी भांडी असतात. तांब्यापितळेच्या भांड्यांवर नाव घालून घेण्याची रीत आपल्याकडे असल्यामुळे माळ्यावरची घागर, परात, पातेली हा आजीच्या आयुष्याचा मोठा दस्तऐवज असतो. लग्नात कोणत्या मामाने काय दिले, बारशाला कोण आले होते, कोणत्या वर्षी घरात चार पैसे आले, हे सारे त्या कोरीव अक्षरांत सापडते, आणि पुष्कळदा तारीखही असते. म्हणून वाटणी होण्यापूर्वी आणि विशेषतः भांडी मोडीत जाण्यापूर्वी प्रत्येकाचे कोरीव नावासह छायाचित्र घ्यावे. चिंच लावून घासल्यावर झिजलेली अक्षरेही स्पष्ट होतात. हे काम मी सर्वांत महत्त्वाचे मानतो.

तिचे पदार्थ लिहिताना ‘अंदाजाने’ हा शब्द टाळता येतो. तिच्या हाताखाली तयार झालेल्या सुनेला पदार्थ करायला बसवावे आणि तिने घेतलेली प्रत्येक मूठ वजन करून लिहावी. शेर-पायलीचे माप सांगितले तर ते घरातल्या प्रत्यक्ष मापाने मोजावे. एका पायलीचे शेर चार हे खरे, पण घरोघरची मापे थोडी वेगळी असत.

जात्यावरच्या ओव्या मात्र तिच्याच शब्दांत, तिच्याच बोलीत उतरवाव्यात, त्या शुद्ध करू नयेत. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी सुरू केलेल्या संकलनात महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतील स्त्रियांच्या लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या आहेत. तरीही आपल्या आजीने भावासाठी गायिलेली ओवी त्यात असेलच असे नाही.

लिहिताना तिचा राग आणि तिचे हट्टही येऊ द्यावेत. आमच्या काकूंना सुरुवातीला ते खटकले, पण वाचून झाल्यावर ‘आता त्या दिसल्या’ असे त्याच म्हणाल्या. ज्या भांडणाने हयात माणसे दुखावतील, ते त्यांना आधी वाचून दाखवावे आणि त्यांनी नको म्हटल्यास गाळावे.

छायाचित्रांच्या मागे मऊ पेन्सिलीने नावे लिहावीत, कारण बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. तयार झालेल्या लिखाणाच्या कागदी प्रती काढून एक प्रत तिच्या माहेरी आवर्जून पोहोचवावी. प्रत्येक प्रतीच्या शेवटी आठ-दहा पाने कोरी ठेवावीत; आमच्या आजीच्या माहेरून ती प्रत परत आली तेव्हा त्या पानांवर तिच्या भाचीने तिच्या लहानपणीच्या चार गोष्टी लिहिल्या होत्या, ज्या आमच्यापैकी कोणीही ऐकलेल्या नव्हत्या.