कॅश काउंटरवर, डोळे उघडे ठेवून

मी बँकेत कॅशला बसते. महिन्याची पहिली तारीख, पेन्शनवाल्यांची रांग दारापर्यंत आणि त्यात सिस्टीम स्लो. अशा वेळी 'वीस मिनिटं डोळे मिटून शांत बसा' असं सांगणाऱ्या ट्रेनर लोकांना एकदा माझ्या खुर्चीत बसवावं असं मनापासून वाटतं. कॅशियरला डोळे मिटून कसं चालेल! तेव्हा खाली लिहिलंय ते ध्यान रांग समोर असताना, कामातच करायचं आहे.

मूळ क्रिया एवढीच: नाकपुड्यांच्या तोंडाशी लक्ष न्यायचं आणि श्वास चाललाय तसा चालू द्यायचा. आत जाताना किंचित गार लागतो, बाहेर पडताना कोमट. तो लांबवायचा नाही की रोखायचा नाही, तो प्राणायाम झाला. इगतपुरीला सत्यनारायण गोएंकांच्या पद्धतीचं दहा दिवसांचं विपश्यना शिबिर असतं, तिथे पहिले तीन दिवस हेच करून घेतात. त्याला आनापान म्हणतात. पण तिथे मौन असतं. 'मॅडम, अजून किती वेळ?' असं कुणी विचारत नाही. इथे दर दोन मिनिटांनी विचारतात.

म्हणून 'मी आठवणीने करेन' या भरवशावर राहू नका. आठवण कामालाच बांधून टाका. माझ्याकडे नोटा मोजायचं मशीन आहे. मिनिटाला हजार नोटांच्या वेगाने शंभर नोटांचं पॅकेट मोजायला त्याला सहा सेकंद लागतात. एरवी तेवढ्यात आपण पुढच्याची स्लिप वाचतो, नाहीतर मोबाइल बघतो. त्याऐवजी मशीन फडफडायला लागलं की हात टेबलावर टेकवायचे आणि एक-दोन श्वास बघायचे. दिवसभरात मशीन कितीदा चालतं ते बघा, वेगळा वेळ काढायची गरजच पडत नाही. तुमच्याकडे मशीन नसेल तर प्रिंटर, लिफ्ट, कॉम्प्युटर सुरू होण्याची वाट, काहीही चालेल.

खरी मजा मात्र हाताने मोजण्यात आहे. मळक्या, चिकटवलेल्या नोटा मशीन घेत नाही. मग स्पंजवर बोट ओलं करायचं आणि अंगठ्याखालून एकेक नोट सरकू द्यायची. कागदाची खरखर, जुन्या नोटेचा लिबलिबीतपणा, कडेचा स्पर्श, सगळं बोटाला कळतं. ५०० ची नोट १५० मिलिमीटर लांब आणि २०० ची १४६. मध्येच २०० ची घुसली असेल तर ती चार मिलिमीटर आत राहते, आणि लक्ष जागेवर असेल तर मोजतानाच हाताला लागते. मन 'गॅस बंद केला का' इकडे गेलं की आकडा तुटलाच! भरकटल्याचं इतकं रोखठोक सांगणारं ध्यान मला दुसरं माहीत नाही. आकडा तुटला की चरफडायचं नाही, पॅकेट सरळ करून पुन्हा एकपासून सुरू करायचं.

आता चिडलेलं गिऱ्हाईक. सही जुळत नाही म्हटल्यावर आजोबा काच ठोकतात, "माझेच पैसे आणि मलाच नाही?" माझे खांदे लगेच कानापर्यंत चढतात, दात आवळले जातात. तुमचा राग कुठे चढतो ते एकदा शोधून ठेवा; काहींचा पोटात असतो. तो जाणवला की तळपाय जमिनीवर नीट टेकवा आणि चालू उच्छ्वास संपेपर्यंत तोंड उघडू नका. मग "आजोबा, सावकाश, अजून एकदा करा सही" हे वाक्य बऱ्यापैकी माणसासारखं निघतं. राग जातोच असं नाही.

आणि एक: दोन काउंटरचं काम एकीवर टाकलं असेल तर श्वास बघून ते अर्धं होत नाही. तिथे मॅनेजरला लेखी द्यायचं.

डब्याचे पहिले चार घास मोबाइलशिवाय खा, बास.

संध्याकाळी कॅश जुळली नाही की हात घाईने सगळी बंडलं उपसायला लागतात. आधी खुर्चीतून उठा, पाणी प्या, पाच श्वास बघा आणि मग फरकाच्या आकड्याकडे बघा. ३०० चा असेल तर ५०० आणि २०० ची अदलाबदल आधी तपासा. फरकाला नऊने पूर्ण भाग जात असेल तर ४५० चे ५४० असे उलटे आकडे पडले असण्याची शक्यता असते. नोटा तशाच राहू द्या आणि व्हाउचर, म्हणजे दिवसभराच्या स्लिपा, काढून त्यावरचे आकडे ताडून बघा.