फुटबॉल सामन्याचे फोटो: बसायचं कुठे आणि बघायचं कुठे

पहिल्यांदाच मैदानावर आलेला फोटोग्राफर सहसा चेंडूमागे कॅमेरा फिरवत राहतो. नव्वद मिनिटांनी कार्ड भरलेलं असतं आणि त्यात पाठी, कोपरं आणि अर्धी कापलेली डोकी निघतात. सामन्यातला जोश चेहऱ्यांवर असतो. चेहरा मिळायचा तर खेळाडू तुमच्या दिशेने धावत यायला हवा, म्हणून लेन्सचा विचार करण्याआधी जागा ठरवा.

सुरुवातीला गोलरेषेमागे, कॉर्नर फ्लॅग आणि पेनल्टी क्षेत्राची कड यांच्या मधे बसा. 68 मीटर रुंद मैदानावर ही पट्टी प्रत्येक बाजूला साधारण 14 मीटरची असते. गोलच्या खांबाजवळ सरकलात की जाळी आड येते आणि गोलरक्षकाची पाठच दिसत राहते. उजवी बाजू घ्यायची की डावी, हे ठरवताना दोन गोष्टी बघा: ज्या संघाचे फोटो हवेत त्याच्या राखीव खेळाडूंचा बाक कुठे आहे आणि त्याचे समर्थक कुठे बसलेत. गोल केलेला खेळाडू बहुतेक वेळा यांपैकी एकीकडे धावतो. मागची बाजूही आधीच न्याहाळा. रिकाम्या खुर्च्या किंवा उभ्या गाड्या मागे आल्या तर उत्तम हेडरचाही फोटो मरतो.

बसूनच फोटो काढा, गुडघ्यावर किंवा बुटक्या स्टुलावर. उभं राहून काढलेल्या फोटोत मागे नुसतं गवत येतं आणि उडी मारलेला खेळाडू जमिनीला चिकटल्यासारखा दिसतो. खालून बघितलं की त्याच्यामागे गॅलरी उभी राहते. खेळ आणि गर्दी एकाच चौकटीत आणायचा हा सगळ्यात सोपा मार्ग.

लेन्सची मर्यादा ओळखून थांबायला शिका. फुल फ्रेम (35 मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर 200 मिमी लेन्सने 30 मीटरवरचा खेळाडू आडव्या चौकटीची साधारण निम्मी उंची व्यापतो, 60 मीटरवरचा जेमतेम चौथाई. तेव्हा 70-200 मिमी लेन्स लावून पलीकडच्या गोलजवळचे फोटो काढत बसू नका. खेळ आपल्या अर्ध्या मैदानात येईपर्यंत प्रेक्षकांकडे वळा. 400 मिमी असेल तर मोनोपॉड (एकपायी स्टँड) हवाच. या लेन्सचं छिद्र एफ/2.8 इतकं उघडलं की 30 मीटरला तीक्ष्णतेची खोली, म्हणजे जेवढ्या अंतरातलं स्पष्ट येतं ते, जेमतेम मीटरभर असते. फोकस बचावपटूवर अडकला, तर त्याच्या मागून उडी मारणारा धूसर झालाच म्हणून समजा.

शटर किती वेळ उघडं ठेवायचं, याचं गणित एकदा करून ठेवा. ताशी 100 किमी वेगाने मारलेला चेंडू 1/250 सेकंदात सुमारे 11 सेंमी सरकतो, म्हणजे स्वतःच्या व्यासाच्या निम्मा. 1/1000 ला हेच अंतर 3 सेंमीच्या आत येतं. म्हणून खेळासाठी 1/1000 ही किमान मर्यादा धरा, उजेड असेल तर 1/1600 ते 1/2000. रात्री अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) पूर्ण उघडा आणि आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) 6400 पर्यंत न घाबरता न्या. त्याने फोटोत येणारे दाणे नंतर बऱ्यापैकी काढता येतात, हललेला चेहरा दुरुस्त होत नाही.

ढगाळ दिवशी आणि प्रकाशझोतात एक्सपोजर (फोटोत किती उजेड येतो ते) पूर्ण मॅन्युअल ठेवा. ऑटोवर पांढऱ्या जर्सीचा संघ समोर आला की फोटो काळवंडतो आणि काळ्या जर्सीचा आला की फिकुटतो. दुपारी छपराची सावली अर्ध्या मैदानावर पडली असेल, तर मात्र शटर आणि अ‍ॅपर्चर पक्कं करून ऑटो आयएसओ वापरणं बरं. एकाच बर्स्टमधले (बटण दाबून धरून सलग काढलेले) फोटो उजळ-अंधारे किंवा पिवळट-निळसर येत असतील तर दोष दिव्यांचा. 50 हर्ट्झ विजेवर असे दिवे सेकंदाला 100 वेळा मंद-तेज होतात. कॅमेऱ्यातला अँटी-फ्लिकर पर्याय चालू करा. इलेक्ट्रॉनिक शटरही जपून वापरा. बहुतेक कॅमेऱ्यांत सेन्सर ओळीओळीने वाचला जात असल्याने वेगातला चेंडू अंडाकृती होतो आणि एलईडी फलकांवर पट्टे उमटतात.

फोकस सतत चालू ठेवणारा हवा: निकॉन आणि सोनीवर एएफ-सी, कॅननवर सर्व्हो. फोकसचं काम शटरच्या बटणावरून काढून मागच्या एएफ-ऑन बटणाला द्या. ट्रॅकिंग थोडं संथ ठेवा, नाहीतर मधून पंच गेला की फोकस त्याच्यावर उडी मारतो. बर्स्ट तीन ते पाच फोटोंचा पुरे. दाबायची वेळ म्हणजे मारणाऱ्याचा टेकू पाय जमिनीवर रोवला जातो तो क्षण. चेंडू उडाल्यावर दाबलंत तर उशीर झाला. हल्ला सुरू असताना वीस-वीस फोटो ओढत राहिलात तर बफर (कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी) भरतो, आणि जल्लोष सुरू होतो नेमका तेव्हाच कॅमेरा गप्प बसतो.

गोल झाल्यावर कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघायचं नाही. जाळी हलल्यानंतरच्या पंधरा-वीस सेकंदांत सामन्याचा सगळा जीव असतो. आधी गोल करणाऱ्याचा चेहरा, मग त्याच्यावर कोसळणारे साथीदार. ते जवळ आले की 24-70 मिमी लेन्स लावलेली दुसरी बॉडी (कॅमेरा) उचला. तिचं एक्सपोजर सामन्याआधीच लावून ठेवलेलं असावं. मग मान वळवा: गुडघे टेकलेला गोलरक्षक, बाकावरून उसळलेले राखीव खेळाडू, गॅलरी. हरणाऱ्या संघाचा चेहरा विसरू नका, कित्येकदा तोच फोटो सगळ्यात बोलका ठरतो.

प्रेक्षकांची तयारी वेगळी करावी लागते. छपराखाली उजेड मैदानापेक्षा बराच कमी असतो, म्हणून तिथलं एक्सपोजर आधी मोजून कस्टम मोडमध्ये साठवा. 1/500 पुरतं, एफ/4 ते 5.6 ठेवलं की दोन-तीन रांगा स्पष्ट येतात. संपूर्ण गॅलरीच्या फोटोत माणसांचे ठिपके होतात. त्याऐवजी आठ-दहा बोलक्या चेहऱ्यांची एक रांग हेरून ठेवा आणि पेनल्टी किंवा कॉर्नरच्या वेळी तिच्यावर कॅमेरा रोखा. चेंडू मारायच्या आधीची शांतता, डोळ्यांवर गेलेले हात, दातांत धरलेला रुमाल हे हमखास मिळतं. झेंडे फडकत असतील तर 1/30 ला एक स्थिर चेहरा पकडा, भोवतीचं कापड रंगाचे फटकारे मारत राहतं. रंगीत धुरात ऑटोफोकस भरकटतो, तेव्हा धुराच्या कडेवरच्या माणसावर फोकस करून थांबा. कुणी हाताने नको म्हटलं तर कॅमेरा खाली घ्या. लहान मुलाचा जवळून फोटो काढायचा असेल तर आधी त्याच्या पालकांना विचारा. आणि लोकांच्या पुढ्यात उभे राहू नका, त्यांना सामना बघायचाय.

क्रॉप करताना घोट्यावर किंवा गुडघ्यावर कापू नका. मांडीवर कापलेलं चालतं.

दोन्ही बॉडींची घड्याळं सामन्याआधी जुळवा, नाहीतर गोल आणि जल्लोष यांचा क्रम लागत नाही. संघयादीचा फोटो काढून ठेवा, प्रत्येक गोलनंतर धावफलकाचाही. कॅप्शनमधली नावं जर्सी क्रमांकावरून पडताळता येतात. मध्यंतर फार तर 15 मिनिटांचं. तेवढ्यात चांगले फोटो लॉक बटणाने खूण करून ठेवा, बॅटरी आणि कार्ड बदला आणि खेळाडू परत यायच्या आत जागा घ्या. संघांच्या बाजू बदललेल्या असतात, त्यामुळे एकाच संघाच्या मागावर असाल तर सामान उचलून पलीकडच्या गोलमागे जायचं असतं.