प्लिमथला रेकवर (समुद्रात बुडालेल्या जहाजावर) गरवायला जायचंय, ही तयारी करून या

मंडळी, बोट बुक करायच्या आधी तिथी बघायची, वीकेंड कोणाचा मोकळा आहे ते नंतर. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला इंग्लिश चॅनेलमधे पाण्याला एवढी ओढ असते की बोट बुडालेल्या जहाजावरून भर्रकन पुढे जाते आणि दोरीला बांधलेलं शिसाचं वजन नीट तळाला लागतच नाही, म्हणून भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असतो ते दिवस धरायचे, अष्टमी ते दशमी, कोकणात जे गणित तेच इथे. तरीही वारा जास्त असेल तर स्किपर नाही म्हणेल, आणि तो नाही म्हणाला की विषय संपला, हॉटेलचे पैसे गेले म्हणून त्याच्याशी हुज्जत घालायची नाही. बोटीला कमर्शियल कोडिंगचं, म्हणजे पैसे घेऊन पॅसेंजर न्यायला लागतं ते सर्टिफिकेट आहे ना तेवढं आधी विचारून घ्या (अशा बोटीवर जास्तीत जास्त 12 पॅसेंजर). समुद्रात रॉडने मासे धरायला इंग्लंडमधे लायसन्स लागत नाही, ते गोड्या पाण्यासाठी.

बोट लागण्याची गोळी, म्हणजे सिनारिझिन, निघायच्या दोन तास आधी घ्यायची, उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही. तिने झोप येते म्हणून गाडी कोण चालवणार ते आदल्या रात्रीच ठरवा, आणि त्या रात्री दारू आणि तेलकट दोन्ही नको. डब्यात पोळीचे रोल, आल्याच्या वड्या, थर्मासमधे चहा. जीन्स अजिबात नको, एकदा भिजली की दिवसभर वाळत नाही, जूनमधेसुद्धा आत थर्मल आणि वरून वॉटरप्रूफ लागतंच.

आता सामान. रॉड-रीळ बोटीवर मिळतात पण शिसं आणि रबरी ईल (ईल माशासारखं दिसणारं खोटं आमिष) भरपूर न्या, कारण गंजलेल्या लोखंडात काही ना काही अडकून तुटणारच, आणि म्हणून शिसं नेहमी कमकुवत दोऱ्याने बांधायचं म्हणजे तुटलं तर फक्त शिसं जातं, बाकी सगळं वाचतं. एडिस्टनचं दीपगृह मागे पडलं की पुढचे रेक 60-70 मीटर खोल आहेत. स्किपर बोट प्रवाहाच्या वरच्या बाजूला नेऊन इंजिन न्यूट्रल करतो आणि ओरडतो, तेव्हा सगळ्यांनी एकदम शिसं खाली सोडायचं, शिशाचा टक् असा धक्का बोटाला जाणवला की लगेच पाच-सहा फेरे वर, मग हळूहळू गुंडाळत राहायचं. मागून कुरतडल्यासारखं वाटलं तरी हिसका द्यायचा नाही, गुंडाळतच राहा, पोलॅक (आपल्याला इथे धरायचा तो मासा) स्वतःच वळून खाली सूर मारतो आणि रीळ किंचाळायला लागते, त्यासाठी ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक, थोडा सैल हवा. दोरी अडकली तर ती विणलेली बारीक दोरी (ब्रेड) हाताला गुंडाळून ओढायची नाही, बोट कापलं जातं, स्किपरला हाक मारा. आमिष लावून तळाशी बसलात तर काँगर लागेल, आपल्या वामेच्या जातीचा पण अगडबंब, ब्रिटनचा बोटीवरचा रेकॉर्ड 133 पौंडांचा आहे, 1995 चा, तो बोटीत घ्यायचाच नाही, बाजूलाच सोडायचा.

माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे किती मासे धरायचे ते किनाऱ्यावरच ठरवायचं. एवढ्या खोलातून वर येताना पोलॅकच्या पोटातली हवेची पिशवी फुगते, तो परत सोडला तरी बहुतेक वेळा वाचत नाही, त्यामुळे "धरू आणि सोडू" हे इथे चालत नाही. आणि पोलॅक खरंच कमी झालाय, 2024 साठी या पाण्यात शास्त्रज्ञांचा सल्ला शून्य पकडीचा होता. सरकारी साईटवर त्या वर्षीची लिमिट बघून घ्या, बास माशाचीसुद्धा (42 सेंटीमीटरच्या खालचा सोडायचाच), पण त्याच्याही आत राहू, घरटी एक-दोन मासे झाले की रॉड ठेवून द्यायचे. यातली कितीतरी जहाजं दोन महायुद्धांत माणसांसकट बुडालेली आहेत, काहींना कायद्याने संरक्षण आहे, त्यामुळे तिथे आरडाओरडा, बाटल्या फेकणं असलं काही नको.

कूल बॉक्समधे बर्फ भरून न्या. मासा आला की लगेच कल्ले कापून रक्त काढायचं, नाहीतर मांस मऊ पडतं. घरी गेल्यावर तुकड्यांना अर्धा तास मीठ लावून ठेवा, पाणी सुटतं आणि मासा घट्ट होतो, मग रवा लावून तळा किंवा आमसूल घालून कालवण करा, डोकी टाकू नका, सार त्याचंच चांगलं होतं.