एंडोमेट्रिओसिसचं ऑपरेशन ठरतंय? आधी दुखतं कुठं ते लिहून काढा

तारीख घ्यायच्या आधी दोन-तीन पाळ्या तरी नोंद ठेवा. ॲपबिप नको, मी कालनिर्णयवर दुधाच्या हिशोबाशेजारीच खरडायचे: 'शीला बसल्यावर कळ', 'संबंधानंतर दुखलं', 'लघवीला आग'. पाळी नसताना दुखतं का ते तर लिहाच, कारण आत नेमकं कुठं शोधायचं याचा अंदाज डॉक्टरला यावरूनच येतो. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून गप्प बसू नका, आजाराचे पातळ डाग त्यात बहुतेक दिसत नाहीत.

दुखणं एकाच कारणाचं नसतं. या आजारात गर्भपिशवीच्या अस्तरासारखा टिश्यू ओव्हरीवर, आतड्यावर, पिशवीमागच्या लिगामेंटवर रुजतो, तिथे सूज येते, नव्या नसा फुटतात, अवयव एकमेकांना चिकटतात, आणि वर्षानुवर्षं कळा सोसून ओटीपोटाचे स्नायू आखडतात, मेंदूपण जरा कुठे खुट्ट झालं की बोंब ठोकायला लागतो. ऑपरेशनने टिश्यू निघतो, चिकटलेलं सुटतं, पण आखडलेले स्नायू आणि चिडलेल्या नसा तशाच राहू शकतात. आणि हो, स्टेजवर (आजार किती पसरलाय त्याचा १ ते ४ आकडा) जाऊ नका, स्टेज ४ वाली कधी आरामात फिरते आणि १ वाली गडाबडा लोळते.

माझी पहिल्या वेळी चॉकलेट सिस्ट (ओव्हरीतली जुन्या रक्ताने भरलेली गाठ) नुसती फोडून रिकामी केली होती, वर्षभरात परत भरली. कुणी विचारलंच नाही आणि मलाही विचारायचं सुचलं नाही. म्हणून तुम्ही विचारा: सिस्टचं आवरण काढणार की फक्त पाणी काढणार? डाग मुळापासून कापणार की वरवर जाळणार? आवरण काढताना ओव्हरीतली अंडी कमी होऊ शकतात, त्यामुळे मूल हवं असेल तर आधी एएमएच (अंड्यांचा साठा किती ते सांगणारी रक्ताची तपासणी) करून घ्या. शी करताना दुखत असेल तर एमआरआय किंवा या आजारात हात बसलेल्याकडून आतून सोनोग्राफी, आणि ऑपरेशनला आतड्याचा सर्जन हजर पाहिजे, ऐनवेळी फोन करून बोलावतो म्हणाले तर मी तरी दुसरा डॉक्टर बघेन.

'पिशवीच काढून टाका' हे तर दाढ काढल्यासारखं सांगतात! बाहेरचे डाग तसेच ठेवले तर पिशवी जाऊनही दुखतं.

नंतर बायोप्सी रिपोर्ट मागून फाईलला लावा. लगेच मूल नको असेल तर डायनोजेस्ट (हार्मोनची गोळी) किंवा हार्मोनवाल्या कॉपर-टीसारख्या मिरेनाबद्दल बोला, आजार परत यायचा चान्स कमी होतो. आणि तरीही दुखलं तर थेट दुसऱ्या ऑपरेशनला होकार देण्याआधी पेल्विक फ्लोअरवाल्या, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल करून देणाऱ्या फिजिओला दाखवा, जाताना ते कॅलेंडर घेऊन जा.