जुनाट आजारावर आयुर्वेदिक उपचार घेताय? या चुका टाळा

दमा, सांधेदुखी, मधुमेह, सोरायसिस. वर्षानुवर्षं मुरलेला आजार घेऊन माणूस वैद्याकडे येतो आणि पहिल्याच भेटीत विचारतो, 'पंधरा दिवसांत फरक पडेल ना?' काय खाता, झोप किती, पोट साफ होतं का, हे विचारलं की त्याचा चेहरा पडतो, कारण त्याला फक्त गोळी हवी असते. या घाईतून होणाऱ्या चुका ठरलेल्या असतात, आणि त्यांतल्या दोन-तीन चुका फार महागात पडतात.

सुजलेल्या सांध्यांना तेल चोळणं

दुखतंय म्हणजे वात आणि वातावर तेल, हे घरोघरी ठरून गेलंय. झिजलेल्या गुडघ्यांना, म्हणजे संधिवातात, तेलाचा उपयोग होतोही. पण आमवात हा वेगळा आजार. माधवनिदान या रोगनिदानावरच्या जुन्या ग्रंथात त्याला स्वतंत्र प्रकरण आहे. तोंडाला चव नाही, अंग जड, बारीक ताप, सांध्यांवर सूज आणि विंचू डसल्यासारख्या वेदना, असं वर्णन तिथे स्पष्ट दिलंय. इथे सांध्यांत आम, म्हणजे नीट न पचलेल्या अन्नाचा चिकट अंश, साठलेला असतो. त्यावर तेल चोळलं की तो आणखी घट्ट बसतो.

चाळिशीतल्या एक बाई आल्या होत्या. दोन्ही मनगटं सुजलेली, हातातली बांगडी रुतून त्वचेवर वळ उठलेला. मुलगा आईची मनापासून सेवा करत होता. सकाळ-संध्याकाळ गरम तेलाने मालिश, वर शेक. सूज वाढली तशी त्याने मालिशही वाढवली. 'तेल कमी पडतंय असं वाटलं,' तो म्हणाला. मी जीभ बघितली तर तिच्यावर पांढरा जाड थर. भूक मेलेली, तरी ताकद यावी म्हणून दुपारी दही-भात आणि रात्री उडदाचे लाडू चालूच.

तेल त्याच दिवशी बंद केलं. वाळूची पुरचुंडी करून कोरडा शेक, सुंठ घालून उकळलेलं पाणी, भूक लागेपर्यंत मुगाचं कढण, आणि मग औषध. आमवातात लंघन (उपास किंवा अगदी हलका आहार) आणि स्वेदन (शेक) आधी, स्नेहपान (औषधी तूप-तेल पिणं) आणि बस्ती (औषधी एनिमा) नंतर, हा क्रम ग्रंथांनी दिलेलाच आहे. पण लंघन म्हटलं की नातेवाईक घाबरतात आणि मालिश म्हटलं की खूश होतात. सूज ओसरून बांगडी मनगटावर फिरायला लागली, तेव्हा कुठे त्या मुलाला पटलं. आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी आणि सीआरपी या सांध्यांच्या सुजेसाठीच्या रक्ततपासण्याही मी करायला लावल्या आणि त्यांना संधिवाततज्ज्ञांकडेही पाठवलं. या आजारात सांधे आतून खराब होत जातात, तेव्हा नुसत्या नाडीपरीक्षेवर बसून राहणं मला मान्य नाही.

माझा नियम साधा आहे: सूज, जडपणा आणि जिभेवर थर असेल तर तेलाच्या बाटलीला हात लावायचा नाही.

बिननावाची पुडी

कागदात बांधलेली पुडी, वर ना घटक, ना परवाना क्रमांक, ना बॅच. देणारा सांगतो, शंभर टक्के जडीबुटी. दम्याचा किंवा सांधेदुखीचा जुना रुग्ण ती घेतो आणि दोन दिवसांत टुणटुणीत होतो. मला तिथेच धडकी भरते. मुरलेला आजार वनस्पतींनी दोन दिवसांत असा पळत नाही. अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळल्याचं अनेकदा उघड झालंय. काही महिन्यांनी चेहरा गोल होतो, साखर आणि रक्तदाब चढतो, जरा लागलं तरी त्वचेवर काळेनिळे डाग पडतात.

आणि हे कळल्यावर घाबरून पुडी एका दिवसात बंद करणं ही त्याहून मोठी चूक. शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी केलेलं असतं. मग उलट्या, गळून जाणं, रक्तदाब एकदम उतरणं असं होऊ शकतं, आणि जिवावरही बेतू शकतं. पुडी घेऊन थेट फिजिशियनकडे जा. मात्रा हळूहळू उतरवायचं काम त्यांचं.

चालू गोळ्या आपल्या मनाने सोडणं

थायरॉइडची गोळी बंद केल्यावर पहिले काही दिवस काहीच जाणवत नाही, कारण औषध शरीरात टिकून असतं. लोकांना वाटतं, काढा लागू पडला. इन्सुलिन, फिट्सच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या यांबाबत तर हा प्रयोग नकोच. 'आधी ते सगळं बंद करा, मग माझं औषध सुरू करा' असं सांगणारा वैद्य भेटला तर दुसरा वैद्य शोधा.

साखर सोडून गूळ धरणं

चरकाने प्रमेहाची (मधुमेह ज्यात मोडतो त्या आजारांची) जी कारणं दिली, त्यांत सुखाने बसून राहणं, जास्त झोप, दही आणि नवं धान्य यांच्याबरोबर गुळाचे पदार्थही आहेत. मधुमेहात गूळ 'आयुर्वेदिक' म्हणून चालतो, हे कुठून आलं कोण जाणे. सुश्रुताने थोडक्यात चिकित्सा सांगताना कारण टाळणं हेच सांगितलं. गूळ चालू ठेवून कडू काढा पिण्यात अर्थ नाही. आणि दर आठवड्याला एचबीए1सी ही रक्तातल्या साखरेची चाचणी करून निराश होऊ नका, ती चाचणी साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवते.

बाकीचं थोडक्यात. चूर्णाचा वर्षभराचा डबा भरू नका. शार्ङ्गधर या जुन्या ग्रंथकाराच्या मते चूर्णाची ताकद दोन महिन्यांनी उतरते. मी डब्यावर तारीख लिहायला लावतो. भस्मं आणि रसौषधी, म्हणजे धातू आणि पारा वापरून केलेली औषधं, ऐकीव माहितीवर कधीही घेऊ नका. जेवणाआधीचं औषध जेवणानंतर घेऊन 'गुण नाही' म्हणू नका. आधी पाचन (आम पचवणारे उपचार) न करता, बळ न बघता सरसकट पंचकर्माचं पॅकेज घेऊ नका.

पहिल्या भेटीला येताना सगळे जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं आणि घरात असलेली प्रत्येक पुडी पिशवीत घालून आणा, लपवायची वाटते तीसुद्धा.